आश्रमशाळेचा हिशेब कोण तपासते, आणि कशासाठी?



एका मंडळीत आश्रमशाळेच्या कामाविषयी बोलायला गेलो होतो. उपासनेनंतर एका वडीलधाऱ्या बाईंनी विचारले, “आम्ही देतो ते लेकरांच्या जेवणासाठी. मग त्यातून ऑडिटरची फी कशाला?” प्रश्न रास्त होता. तेव्हा घाईत दिलेले उत्तर आज नीट देतो.

अनुदानित आश्रमशाळा संस्था चालवते. पण खर्चाचा मोठा भाग राज्याच्या आदिवासी विकास विभागाकडून येतो. त्यात कर्मचाऱ्यांचे वेतन असते आणि निवासी मुलांच्या जेवणखाणासाठी परिरक्षण अनुदान असते. हे अनुदान मुलांच्या संख्येवर ठरते. म्हणून हजेरीपट हा आमचा पहिला हिशेबाचा कागद. हजेरीत साठ मुले आणि कोठीच्या साठा नोंदवहीत पंचेचाळीस जणांचा तांदूळ, असे दिसले की तपासणारा तिथेच थांबतो, आणि थांबायलाच हवे.

तपासणी एकच नसते. संस्था सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था म्हणून नोंदलेली असल्याने १९५० च्या कायद्याप्रमाणे दरवर्षी सनदी लेखापालाकडून लेखापरीक्षण होते आणि अहवाल धर्मादाय कार्यालयाकडे जातो. प्रकल्प कार्यालय अनुदानाचा खर्च वेगळा तपासते. नामंजूर झालेला खर्च संस्थेच्या अंगावर पडतो. वर्षाचे अनुदान किमान २५ लाख रुपये आणि एकूण खर्चाच्या किमान ७५ टक्के असेल, तर १९७१ च्या कायद्याप्रमाणे भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षकही ते हिशेब तपासतात. परदेशातून देणगी येत असेल, तर २०१० चा विदेशी अंशदान कायदा लागतो. ती रक्कम दिल्लीतील स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतील ठरलेल्या खात्यातच घ्यावी लागते, तिचा हिशेब वेगळा ठेवावा लागतो आणि वार्षिक विवरण ३१ डिसेंबरपर्यंत भरावे लागते.

या सगळ्याचे सार एकच: ज्या कामासाठी पैसा आला, त्याच कामाला तो लागला हे कागदावर दिसले पाहिजे.

हे मी ठेच लागून शिकलो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका वसतिगृहाची किर्द माझ्याकडे होती. अनुदान लांबले आणि किराणा दुकानदाराने उधारी बंद केली. मुलींच्या खोलीच्या छपरासाठी दात्यांनी दिलेले पैसे माझ्या हाताशी होते. त्यातून मी धान्य आणले. कोणाला विचारले नाही, उसनवारीची नोंदही केली नाही. अनुदान आल्यावर तेवढी रक्कम छपराच्या खात्यात परत टाकली. झाले काय, की धान्याच्या पावत्या देणगीच्या फाइलीत राहिल्या आणि अनुदानाचा खर्च पावतीविना दिसू लागला. लेखापरीक्षकांनी आक्षेप घेतला. खुलासे होईपर्यंत पुढचा हप्ता अडकला आणि छपराचे पैसे पुन्हा किराण्यातच गेले. त्या पावसाळ्यात मुली वर्गात झोपल्या, बादल्या मांडून. एक रुपयाही कोणी खाल्ला नव्हता. पण ते मला सिद्ध करता येत नव्हते.

आता आमचा नेम साधा आहे. प्रत्येक खर्चाला पावती आणि व्हाउचर. किर्द त्याच दिवशी लिहायची. धान्य आले की तोलून साठा नोंदवहीत, भांडी-पलंग आले की जडवस्तू नोंदवहीत. खरेदी करणारा एक, नोंद करणारा दुसरा. अडचणीत एका कामाचा पैसा दुसरीकडे वळवायची वेळ आलीच, तर आधी दात्याची संमती आणि विश्वस्तांचा ठराव, मगच व्यवहार.

आपल्या मंडळीतही रविवारचे अर्पण दोघे मिळून मोजतात आणि दोघे सही करतात. त्यात कोणावर संशय नसतो. उलट त्या सहीमुळे मोजणाऱ्यावर बोट उठत नाही.

तुम्हीही मदत करू शकता. देणगी देताना ती कशासाठी आहे हे लिहा आणि पावती मागून घ्या. वर्षाअखेरीस संस्थेचा ताळेबंद मागा. लेखापरीक्षकाने काही शेरा मारला आहे का, ते विचारा. विचारले म्हणून आम्हाला वाईट वाटणार नाही.

त्या बाईंना माझे उत्तर असे: ऑडिटरची फी लेकरांच्या ताटातून जात नाही, बाई. पुढच्या महिन्यातही ताट भरलेले राहावे, म्हणून ती द्यावी लागते.