निवडीची प्रत आणि खेळाडूची किंमत

व्यावसायिक खेळात दरवर्षी नव्या खेळाडूंचा एक गट प्रथमच संघांमध्ये दाखल होतो, आणि कोणत्या संघाने कोणाला घेतले व ती निवड कितपत योग्य होती, याविषयीचे निकाल पहिला सामना होण्याआधीच दिले जाऊ लागतात. शाळेच्या प्रगतिपुस्तकाप्रमाणे अ, ब, क, ड अशा श्रेणी देऊन केलेल्या या मूल्यमापनास नवख्यांची प्रतवारी म्हणता येईल. संगणकावर चालणाऱ्या आभासी बास्केटबॉल लीगमध्ये या प्रतवारीचे एक शिस्तबद्ध तंत्र तयार झाले आहे. ते समजून घेतले, तर प्रो कबड्डीचा लिलाव आणि बारामती किंवा इंदापूर तालुक्यातील शालेय संघाची निवड या दोन्हींकडे अधिक जाणतेपणाने पाहता येते.

या तंत्राचे मूळ अमेरिकेतील एनबीए या बास्केटबॉल लीगच्या ‘ड्राफ्ट’मध्ये, म्हणजे नवोदित खेळाडूंच्या क्रमवार निवडीमध्ये आहे. तेथे खेळाडूंवर बोली लागत नाही. ३० संघ दोन फेऱ्यांत आपापल्या क्रमानुसार एकेक खेळाडू निवडतात. मागील हंगामात तळाशी राहिलेल्या संघांना वरचा क्रमांक मिळण्याची शक्यता अधिक ठेवलेली असते. मात्र वरचा क्रमांक मिळावा म्हणून संघांनी मुद्दाम हरू नये, यासाठी १९८५ पासून सर्वांत वरचे क्रमांक सोडतीने ठरतात, आणि २०१९ पासून तळाच्या तीन संघांना पहिला क्रमांक मिळण्याची शक्यता प्रत्येकी १४ टक्के अशी समान केली आहे. पंजाबमधील बल्लो के या गावचा सतनाम सिंग भामरा २०१५ मध्ये याच पद्धतीने डॅलस मॅव्हरिक्स संघाकडून ५२ व्या क्रमांकावर निवडला गेला आणि अशी निवड झालेला भारतात जन्मलेला पहिला खेळाडू ठरला. एनबीएचा सामना खेळण्याची संधी त्याला मिळाली नाही, तरीही ५२ व्या क्रमांकावरच्या खेळाडूकडून साधारणपणे किती अपेक्षा ठेवता येते, हे पाहिल्याशिवाय त्या निवडीला चूक ठरवता येत नाही.

आभासी लीगमध्ये हीच रचना संगणकावर उभी केलेली असते. जेरेमी शेफनर यांनी तयार केलेला ‘बास्केटबॉल जीएम’ हा ब्राउझरमध्ये विनामूल्य खेळता येणारा खेळ याचे परिचित उदाहरण आहे. त्यात संगणक काल्पनिक नावांचे खेळाडू निर्माण करतो आणि उंची, ताकद, वेग, दुरून चेंडू टाकण्याचे कौशल्य, बचावाची जाण अशा प्रत्येक गुणास शंभरपैकी अंक देतो. या अंकांवरून खेळाडूची आजची एकूण पातळी आणि पुढे तो कोठवर पोहोचू शकेल याचा अंदाज, म्हणजे संभाव्य पातळी, असे दोन आकडे काढले जातात. सामना एकेका चालीने पुढे सरकतो आणि प्रत्येक चालीचा निकाल दोन्ही संघांची गुणवत्ता व यादृच्छिक, म्हणजे कोणत्याही क्रमाने न बांधलेली, संख्या यांच्या मेळातून ठरतो. त्यामुळे चांगला संघ बहुधा जिंकतो, पण नेहमीच जिंकतो असे नाही.

नवख्यांच्या बाबतीत या खेळात आणखी एक अडचण हेतुपुरस्सर घातलेली आहे. संघ चालवणाऱ्याला दिसणारे अंक नेमके नसतात. त्यांत काही चूक मिसळलेली असते, नवख्यांच्या बाबतीत ती अधिक असते आणि खेळाडू लीगमध्ये रुळत जाईल तसतशी कमी होते. खेळाडू पारखणाऱ्यांवर अधिक खर्च केला, तर ही चूक घटते. प्रत्यक्षातही निवड समितीला खेळाडूची क्षमता थेट दिसत नाही, तिची काही चिन्हे तेवढी दिसतात, आणि मैदानावरच्या या अनुभवाचे प्रतिरूप आभासी लीगने अशा रीतीने गणितात उतरवले आहे.

क्रमांकाची अपेक्षा आणि खेळाडूचे योगदान

प्रतवारी करताना सर्वांत सामान्य चूक अशी होते की, चांगला खेळाडू म्हणजे चांगली निवड असे गृहीत धरले जाते. वस्तुतः खेळाडूचा दर्जा आणि निवडीचा दर्जा या भिन्न गोष्टी आहेत. समजा, एखाद्या आभासी लीगच्या अनेक हंगामांची नोंद पाहिल्यावर पाचव्या क्रमांकावर निवडलेले खेळाडू पहिल्या तीन वर्षांत सरासरी १२ एकक योगदान देतात आणि तिसाव्या क्रमांकावरचे ३ एकक देतात, असे आढळले. आता पाचव्या क्रमांकाच्या एका खेळाडूने १३ आणि तिसाव्या क्रमांकाच्या एकाने ८ एकक योगदान दिले, तर पहिला खेळाडू निःसंशय सरस आहे. परंतु त्याला निवडणाऱ्या संघाने अपेक्षेपेक्षा केवळ १ एकक अधिक मिळवले, तर दुसऱ्या संघाने ५ एकक मिळवले, म्हणून निवडीची वरची श्रेणी दुसऱ्या संघाला द्यावी लागते. बोलीने खेळाडू घेतले जातात तेथे क्रमांकाऐवजी मोजलेली रक्कम धरावी लागते, इतकाच फरक.

दुसरा घटक वयाचा. १९ वर्षांच्या खेळाडूची आजची पातळी ५० असेल आणि २२ वर्षांच्या खेळाडूची ५३ असेल, तर आज दुसरा पुढे असला तरी पहिल्यापुढे वाढीची तीन वर्षे अधिक आहेत, आणि बहुतेक वेळा दीर्घकालीन मूल्य त्याचेच अधिक ठरते. तिसरा घटक नमुन्याच्या आकाराचा आहे. ज्याची मुक्त फेकीची खरी क्षमता ७० टक्के आहे, त्याच्याकडून २० फेकींपैकी १४ यशस्वी होणे अपेक्षित असले, तरी १२ किंवा १६ यशस्वी होणे हेही अगदी स्वाभाविक असते. म्हणून एखाद्या स्पर्धेतील चार-दोन सामन्यांवरून क्षमता वाढली किंवा घसरली असे म्हणणे धाडसाचे ठरते, आणि जाणकार प्रतवारीकार एकच श्रेणी देण्याऐवजी ‘ब ते अ’ अशी मर्यादा लिहून आपली अनिश्चितता मोकळेपणाने नोंदवतात.

या कामात आभासी लीगला प्रत्यक्ष लीगपेक्षा एक मोठी सोय आहे, ती म्हणजे तोच हंगाम पुन्हा खेळवता येतो. प्रत्यक्ष जगात एखाद्या निवडीचा एकच परिणाम दिसतो. संगणकावर तीच निवड हजार वेळा पुढे चालवून किती वेळा खेळाडू मोठा झाला, किती वेळा मध्यम राहिला आणि किती वेळा दुखापतीने मागे पडला, हे मोजता येते. यादृच्छिक संख्यांच्या साहाय्याने शक्यता मोजण्याच्या या पद्धतीस मॉन्टे कार्लो पद्धत म्हणतात, आणि तिचा पाया १९४० च्या दशकात स्टॅनिस्लाव उलाम व जॉन फॉन नॉयमन यांनी अणुसंशोधनाच्या संदर्भात घातला.

कबड्डीतील दोन पदार्पणे

मराठी वाचकाला अधिक जवळची असलेली प्रो कबड्डी लीग २०१४ मध्ये सुरू झाली. तिच्यात अनुभवी खेळाडू लिलावातून येतात. अलीकडच्या हंगामांत त्यांच्या चार गटांची पायाभूत किंमत अनुक्रमे ३० लाख, २० लाख, १३ लाख आणि ९ लाख रुपये ठेवली जात आली आहे. नवोदित तरुण खेळाडूंना संघ वेगळ्या योजनेतून, तुलनेने कमी मोबदल्यावर घेतात, आणि एनबीएच्या ड्राफ्टशी सर्वांत मिळतीजुळती बाब हीच आहे.

२०१८ मधील सहाव्या हंगामात दोन चढाईपटूंनी पदार्पण केले. कोल्हापूर जिल्ह्याच्या चंदगड तालुक्यातील हुंदळेवाडी गावचा सिद्धार्थ देसाई यू मुंबा संघाने लिलावात ३६.४ लाख रुपयांना घेतला, तर हरियाणाचा अवघ्या १८ वर्षांचा नवीन कुमार दबंग दिल्लीकडे आला. पहिल्याच हंगामात सिद्धार्थने चढायांतून दोनशेहून अधिक गुण मिळवले आणि पुढच्या वर्षी तेलुगू टायटन्सने त्याच्यासाठी १.४५ कोटी रुपये मोजले, जी त्या लिलावातील सर्वोच्च रक्कम होती. त्या हंगामातही त्याने दोनशेचा टप्पा ओलांडला, मात्र त्याच्या संघाला वरच्या स्थानांपर्यंत मजल मारता आली नाही, आणि आठव्या हंगामात दुखापतीमुळे तो मोजकेच सामने खेळू शकला. नवीनने पदार्पणात सिद्धार्थपेक्षा कमी गुण मिळवले, पण सातव्या हंगामात तीनशेहून अधिक गुणांसह तो स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि आठव्या हंगामात दिल्लीने विजेतेपद मिळवले.

या दोघांची प्रतवारी २०१८ च्या अखेरीस केली असती, तर सिद्धार्थचे नाव वर राहिले असते, आणि चार वर्षांनी केली असती तर नवीनचे. दोन्ही निकाल आपापल्या वेळच्या माहितीशी प्रामाणिक आहेत. यू मुंबाची निवड नंतरच्या दुखापतीमुळे उणी ठरत नाही, कारण मोजलेल्या रकमेच्या मानाने तिने पहिल्याच वर्षी भरपूर परतावा दिला. तेलुगू टायटन्सच्या बोलीचे मूल्यमापन मात्र यू मुंबाने मोजलेल्याच्या जवळपास चौपट रकमेच्या अपेक्षेशी ताडूनच करावे लागते. एकाच खेळाडूच्या दोन निवडींना अशा दोन वेगळ्या श्रेणी मिळू शकतात.

पुणेरी पलटणचे उदाहरण संयमाच्या दृष्टीने अधिक बोलके आहे. आठव्या हंगामात या संघाने अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील अस्लम इनामदार आणि हरियाणाचा मोहित गोयत या तरुणांना संधी दिली व पुढेही त्यांना सांभाळून ठेवले. नवव्या हंगामात संघ अंतिम फेरीत जयपूर पिंक पँथर्सकडून हरला, तरी रचना मोडली गेली नाही, आणि १ मार्च २०२४ रोजी हैदराबाद येथे अस्लमच्या नेतृत्वाखाली हरियाणा स्टीलर्सचा २८-२५ असा पराभव करून पलटणने पहिले विजेतेपद पटकावले. निवडीचे मोल निवडीइतकेच नंतरच्या जोपासनेवरही अवलंबून असते, हे या वाटचालीतून दिसते.

खोडव्यापर्यंतची वाट

बारामती आणि इंदापूरच्या वाचकाला हे तत्त्व मुळीच नवे नाही, कारण नीरा डाव्या कालव्याच्या या पट्ट्यात उसाच्या नव्या वाणाची पारख याच रीतीने होते. जवळच्या पाडेगाव येथील मध्यवर्ती ऊस संशोधन केंद्रात एखादा वाण पहिल्या लागणीत जोमदार दिसला, म्हणून लगेच शिफारस होत नाही. त्याचा खोडवा, म्हणजे तोडणीनंतर त्याच मुळांतून फुटणारे पीक, कसा येतो, साखर उतारा किती मिळतो, वेगवेगळ्या हंगामांत आणि जमिनींत तो कसा टिकतो, हे पाहावे लागते. को ८६०३२ हा वाण इतकी वर्षे शेतात टिकून आहे तो अशा सर्व कसोट्यांच्या बळावर, तर फुले २६५ या वाणाचे क्षारपड जमिनीतील गुण हलक्या, भारी आणि क्षारपड अशा अनेक रानांत लावून पाहिल्याविना कळले नसते. लागणीवरून केलेला अंदाज आवश्यक असतो, पण अंतिम मत खोडव्यानंतरच द्यायचे असते, आणि नवख्या खेळाडूची प्रतही अशीच दोनदा ठरवायला हवी.

दोनदा प्रत ठरवण्याचा अर्थ पहिली प्रत खोडून दुसरी लिहिणे असा नाही. १९८४ च्या एनबीए ड्राफ्टमध्ये पोर्टलंडने दुसऱ्या क्रमांकावर सॅम बोवी या उंच खेळाडूला घेतले आणि तिसऱ्या क्रमांकावर मायकेल जॉर्डन शिकागोकडे गेला, म्हणून ती निवड आजही चुकलेल्या निवडीचा मानदंड मानली जाते. परंतु पोर्टलंडकडे जॉर्डनच्याच जागी खेळणारा क्लाइड ड्रेक्सलर होता आणि उंच खेळाडूची गरज होती. त्याच वेळी बोवीच्या पायाच्या दुखापतीचा पूर्वेतिहासही ठाऊक होता. त्या दिवशी उपलब्ध असलेल्या माहितीवरून निर्णयाला एक श्रेणी आणि काळाने दाखवलेल्या परिणामाला दुसरी श्रेणी, अशा दोन्ही शेजारी शेजारी लिहिल्या, तरच निर्णय चुकला होता की नशीब, हे वेगळे करता येते.

तालुक्याच्या मैदानावर

हा विचार मोठ्या लीगपुरता राहू नये, कारण त्याची खरी निकड तालुक्याच्या मैदानावर आहे. शालेय क्रीडा स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत तालुका, जिल्हा, विभाग आणि राज्य अशा पायऱ्यांनी होतात. एकाच वयोगटात वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेला मुलगा आणि अखेरीस जन्मलेला मुलगा यांच्यात जवळजवळ एका वर्षाचे अंतर असते, आणि त्या वयात एका वर्षाने उंची व ताकद यांत मोठा फरक पडतो. १९८० च्या दशकात रॉजर बार्न्सली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅनडातील आइस हॉकीपटूंच्या जन्मतारखा तपासल्या, तेव्हा वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेल्यांची संख्या अखेरच्या महिन्यांत जन्मलेल्यांपेक्षा ठळकपणे अधिक असल्याचे दिसले. निवड झालेल्यांना अधिक सराव आणि चांगले प्रशिक्षण मिळते, त्यामुळे सुरुवातीचा हा लहानसा फरक पुढे रुंदावतच जातो. आभासी लीगमधील वयाची दुरुस्ती येथे जशीच्या तशी लागू पडते.

आभासी लीग चालवण्यासाठी स्टेडियम लागत नाही की प्रायोजक लागत नाही. संगणक आणि नोंदवही पुरते. बारामतीच्या किंवा इंदापूरच्या महाविद्यालयात संख्याशास्त्र आणि संगणकशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना कबड्डीची चढाई, पकड, बोनस, लोण आणि तिसऱ्या चढाईचा नियम धरून अशी लीग स्वतः रचता येईल, आणि शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांसोबत बसून खऱ्या निवडीच्या नोंदींशी ती पडताळता येईल. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांशी या अभ्यासाची गल्लत होऊ देऊ नये; येथे पणाला लागतो तो केवळ आपला अंदाज, आणि तो चुकला तर का चुकला हे शोधण्यातच शिक्षण असते.

मात्र काल्पनिक खेळाडूला दिलेली ‘ड’ श्रेणी कोणाच्या मनाला लागत नाही, आणि चौदा वर्षांच्या मुलामुलीला दिलेली श्रेणी आयुष्यभर लक्षात राहते. म्हणून प्रत्यक्ष मैदानावर प्रत निवडीला द्यावी, मुलाला नव्हे. ती देताना तारीख, वय, पाहिलेल्या सामन्यांची संख्या आणि कारण लिहून ठेवावे, आणि वर्षभराने निवडलेल्यांबरोबर वगळलेल्यांनाही पुन्हा मैदानावर बोलावून ती नोंद तपासावी. दोन्ही तालुक्यांतील निवड समित्यांनी एवढी शिस्त पाळली, तर उशिरा उंची धरणारा आणि पहिल्या चाचणीत मागे राहिलेला खेळाडू खेळातून कायमचा बाहेर पडणार नाही, आणि निवड करणाऱ्यांची नजरही वर्षागणिक अधिक अचूक होत जाईल.