समुद्रावरचा धूर

आपल्या नित्य वापरातील कितीतरी वस्तू समुद्र ओलांडून आपल्यापर्यंत आलेल्या असतात. स्वयंपाकातील पामतेल मलेशिया आणि इंडोनेशिया या देशांतून येते, तर नाशिकची द्राक्षे न्हावाशेवा बंदरातून युरोपात जातात. जगाच्या व्यापारातील शेकडा ८० हून अधिक माल जहाजेच वाहून नेतात. एक टन माल एक किलोमीटर नेण्यास जहाजाला मालमोटारीपेक्षा वा विमानापेक्षा पुष्कळच कमी इंधन लागते. तेव्हा जहाज हे उधळे वाहन आहे, असे कोणी म्हणणार नाही. परंतु थेंबे थेंबे तळे साचते, तसा हजारो जहाजांचा धूरही साचतो. २०१८ साली जगातील जहाजांनी १०७ कोटी टनांहून अधिक हरितगृह वायू हवेत सोडले. मानवाच्या एकूण उत्सर्जनाचा हा जवळजवळ शेकडा ३ भाग होय.

पूर्वी गलबते शिडात वारा भरून घेऊन चालत. एकोणिसाव्या शतकात वाफेचे यंत्र आले आणि कोळसा जळू लागला. पुढे त्याची जागा खनिज तेलाने घेतली. या इंधनांच्या ज्वलनातून निघणारा कार्बन डायऑक्साइड वायू पृथ्वीची उष्णता बाहेर जाऊ देत नाही. त्यामुळे हवामान तापते, हिमराशी वितळतात आणि समुद्राची पातळी वाढते.

हा धूर कोणाच्या नावावर मांडावयाचा, हा मोठाच प्रश्न आहे. जहाज बांधलेले असते कोरियात, त्याचा मालक असतो ग्रीसमध्ये, त्यावर ध्वज फडकतो पनामाचा, खलाशी असतात भारताचे आणि माल असतो चीनचा. शिवाय ते चालते अशा महासागरावरून, की जो कोणत्याच राष्ट्राच्या मालकीचा नाही. १९९७ च्या क्योतो करारात राष्ट्रांनी आपापल्या उत्सर्जनाची मर्यादा मान्य केली. परंतु आंतरराष्ट्रीय जहाजांचा धूर त्या हिशेबाबाहेर राहिला. त्याचे काम लंडन येथील आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेवर सोपविण्यात आले. या संघटनेने २०११ साली नव्या जहाजांच्या इंधनकाटकसरीचे नियम केले. मात्र एकंदर उत्सर्जनाला मर्यादा घालण्याचा प्रश्न तसाच राहिला.

२०१५ साली मार्शल द्वीपसमूहाचे परराष्ट्रमंत्री टोनी डिब्रम या संघटनेपुढे उभे राहिले. प्रशांत महासागरातील हा चिमुकला देश समुद्रसपाटीपासून सरासरी अवघा दोन मीटर उंच आहे. पाणी चढले, तर तेथील लोकांना मागे सरावयास डोंगर नाही. आणि नवल असे, की याच देशाचा ध्वज जगातील हजारो जहाजांवर फडकतो! ज्या उद्योगातून आपल्याला उत्पन्न मिळते, त्याच उद्योगावर मर्यादा घाला, अशी मागणी त्यांनी केली. तिला लगेच यश आले नाही. परंतु २०१८ साली संघटनेने पहिले उद्दिष्ट ठरविले आणि २०२३ साली ते अधिक कडक केले. २०५० च्या सुमारास जहाजांचे निव्वळ उत्सर्जन शून्यावर यावे, असे आता ठरले आहे.

हे साधावयाचे कसे? पहिला उपाय वेग आवरण्याचा. जहाजाचा वेग थोडा वाढविला, तरी पाण्याचा विरोध फार वाढतो. म्हणून वेग शेकडा १० नी कमी केल्यास प्रवास लांबतो खरा, पण त्या सफरीचे इंधन सुमारे एक पंचमांशाने वाचते. घाईने येऊन बंदराबाहेर दिवसेंदिवस नांगर टाकून बसण्यापेक्षा, धक्का मोकळा होण्याच्या बेताने सावकाश येणे केव्हाही शहाणपणाचे. दुसरा उपाय वाऱ्याचा. अँटन फ्लेटनर या जर्मन संशोधकाने १९२४ साली डोलकाठीच्या जागी फिरते उंच नळकांडे बसवून जहाज चालविले होते. खनिज तेलाच्या स्वस्ताईमुळे ती युक्ती मागे पडली. आज ती पुन्हा उपयोगात येत आहे. तिसरा उपाय नव्या इंधनाचा. २०२३ पासून मिथेनॉलवर चालणारी कंटेनरवाहू जहाजे सुरू झाली आहेत. अमोनियाचाही विचार होत आहे. तो विषारी असल्याने विशेष दक्षता घ्यावी लागते. अर्थात ही इंधने जर कोळसा जाळूनच तयार केली, तर समुद्रावरचा धूर जमिनीवर आणल्यासारखे होईल.

उपाय आहेत, अडते ते खर्चापाशी. ठरलेल्या मर्यादेपेक्षा अधिक धूर सोडणाऱ्या जहाजांकडून रक्कम घ्यावी आणि ती स्वच्छ इंधनाच्या कामी लावावी, अशी योजना एप्रिल २०२५ मध्ये संमत झाली. परंतु ऑक्टोबरमध्ये तिचा अंतिम स्वीकार ५७ विरुद्ध ४९ मतांनी एक वर्ष पुढे ढकलण्यात आला. माल महागेल, ही अनेकांची भीती होती. ती अगदीच निराधार नाही. पण धुराचे मोल आज कोणी देत नाही, असेही नाही. सखल बेटांवरील माणसे ते आपल्या भूमीच्या रूपाने देत आहेत.

गावची विहीर सर्वांची असते, म्हणून तिचा गाळ काढण्यास प्रत्येक घराने हात लावावयाचा असतो. महासागराचा न्यायही याहून निराळा नाही.