रक्ताची गोठण – भाग ७ : आखाडाची बाटली, श्रावणाची भाजी आणि रोजची गोळी

आषाढ लागला की कोल्हापुरात गल्लोगल्ली त्र्यंबोलीच्या यात्रेची गडबड सुरू होते. पंचगंगेचं नवं पाणी घागरीत भरायचं, पी-ढबाकच्या तालावर टेंबलाईच्या टेकडीवर न्यायचं, देवीला नैवेद्य दाखवायचा आणि मग गल्लीचं जेवण. मंगळवार-शुक्रवार करत महिना सरतो, अमावास्येपर्यंत रस्सा मंडळांच्या चुली थंड होत नाहीत आणि बऱ्याच ठिकाणी तांबड्या-पांढऱ्या रश्शाच्या आधी बाटली उघडते. अमावास्या सरली की श्रावण. मटण बंद, दारू बंद, ताटात तांदुळजा, पोकळा, शेवग्याचा पाला.

बहुतेकांना हा बदल मानवतो. पण ज्यांना रोज संध्याकाळी अ‍ॅसिट्रॉम किंवा वॉरफरिनची गोळी घ्यावी लागते, त्यांच्यासाठी वर्षातले हेच पाच-सहा आठवडे मला सर्वांत जोखमीचे वाटतात. आधी एका बाजूचा झोल, मग लगेच दुसऱ्या बाजूचा.

गेल्या भागात आपण आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारी तपासणी, पाहिली. निरोगी माणसाचा आयएनआर १ च्या आसपास असतो. हृदयाचे ठोके अनियमित पडण्याचा विकार असेल, किंवा पायाच्या शिरेत गुठळी झाली असेल, तर तो औषधाने २ ते ३ मध्ये ठेवतात. मायट्रल झडपेच्या जागी धातूची झडप बसवली असेल तर साधारण २.५ ते ३.५. खाली घसरला की गुठळीची भीती, साडेचार-पाचाच्या वर गेला की रक्तस्रावाची. मधली वाट अरुंद आहे आणि तुमचा डोस त्या वाटेसाठी तुमच्या रोजच्या जेवणाखाण्यावर बेतलेला असतो. जेवण, पेय, इतर औषधं यांत मोठा बदल झाला की तोच डोस जास्त किंवा कमी पडू शकतो.

खाण्यातला बदल आणि रक्ताची गोठण यांचं हे नातं या औषधाच्या जन्मापासूनचं आहे, आणि ती हकिकत गोठ्यातली असल्यामुळे आपल्या भागातल्या दूधवाल्या शेतकऱ्याला चटकन समजेल. १९२० च्या दशकात अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटात आणि कॅनडातल्या अल्बर्टात जनावरं विचित्र रीतीने मरू लागली. शिंगं कापली, खच्ची केलं, की रक्त थांबेचना. कित्येक जनावरं जखम नसतानाही आतल्या आत रक्तस्राव होऊन मेली. फ्रँक स्कोफील्ड या पशुवैद्याने कारण शोधलं : स्वीट क्लोव्हर नावाच्या चाऱ्याला ओल लागून बुरशी धरली होती, आणि तोच चारा जनावरांच्या पोटात जात होता. १९३३ च्या फेब्रुवारीत विस्कॉन्सिनचा एक शेतकरी बर्फाच्या वादळात मेलेली कालवड, न गोठलेल्या रक्ताचा कॅन आणि खराब चारा घेऊन मॅडिसनला विद्यापीठात पोचला. तिथले रसायनशास्त्रज्ञ कार्ल लिंक आणि त्यांचे सहकारी मग कित्येक वर्षं त्या चाऱ्यातलं द्रव्य शोधत राहिले. त्यातूनच पुढे वॉरफरिन आलं. १९४८ मध्ये ते उंदीर मारायला बाजारात आलं, १९५४ मध्ये माणसांसाठी मंजूर झालं, आणि १९५५ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांना हृदयविकाराचा झटका आल्यावर त्यांनाही दिलं गेलं. आपल्याकडे याच कुळातलं असेनोकुमॅरोल, म्हणजे अ‍ॅसिट्रॉम, जास्त लिहून दिलं जातं. ‘हे तर उंदराचं औषध’ असं कुणी म्हणालं म्हणून घाबरून गोळी बंद करू नये. विष आणि औषध यांतला फरक इथे मात्रेचा आहे, आणि म्हणूनच मात्रा सांभाळायची.

ही गोळी रक्त पाण्यासारखं पातळ करत नाही. जखमेतलं रक्त गोठवणारी काही प्रथिनं यकृतात तयार होत असतात. त्यांतली चार तयार व्हायला व्हिटॅमिन के लागतं. गोळी हे व्हिटॅमिन पुन्हा वापरात येऊ देत नाही, त्यामुळे प्रथिनं अपुरी तयार होतात आणि गुठळी धरायला वेळ लागतो. सगळा कारभार यकृतात. दारूचा पहिला मारही यकृतावरच.

एका रात्री भरपूर प्यायलं की यकृत अल्कोहोल निपटण्यात गुंततं आणि गोळीचं औषध मोडून टाकण्याचं त्याचं काम मंदावतं. औषध रक्तात जास्त वेळ टिकतं, आयएनआर वर जातो. रोज पिणाऱ्याचं उलट होऊ शकतं : यकृत औषध झपाट्याने मोडायला शिकतं, आयएनआर खाली राहतो, डॉक्टर डोस वाढवतात. आणि वर्षानुवर्षांच्या पिण्याने यकृत आकसलं, म्हणजे सिरॉसिस झाला, की गोठवणारी प्रथिनंच कमी बनतात, प्लेटलेट्सही घटतात आणि आयएनआर पुन्हा वर चढतो. एकाच दारूचे हे परस्परविरोधी परिणाम आहेत. म्हणून ‘मित्र घेतो, त्याला काही होत नाही’ हा दाखला इथे चालत नाही.

‘भरपूर’ म्हणजे किती? १८० मिलीच्या एका क्वार्टरमध्ये व्हिस्की असेल तर अल्कोहोलचं प्रमाण ४२.८ टक्के असतं. हिशेब केला तर ते साधारण ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल होतं. जागतिक आरोग्य संघटना एका बैठकीत ६० ग्रॅम किंवा त्याहून जास्त घेण्याला अतिमद्यपान धरते. म्हणजे ज्याला मंडळात ‘फक्त एक क्वार्टर’ म्हणतात, ते त्या मोजपट्टीवर अतिमद्यपान आहे. ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरची ६५० मिलीची बाटली ४० ग्रॅमच्या घरात जाते. बिअर निरुपद्रवी, ही समजूत सोडावी.

यात आणखी एक गोष्ट घडते, आणि ती घरच्यांना माहीत असूनही डॉक्टरांना कुणी सांगत नाही. ‘आज बसायचंय, मग गोळी नको’ म्हणून त्या दिवसाची गोळी टाळली जाते. कधी दोन दिवस. ‘एक दिस चुकली तर काय हुतंय?’ अ‍ॅसिट्रॉमचा परिणाम लवकर ओसरतो. दोन दिवस गोळी चुकली की संरक्षण जवळजवळ संपतं. धातूच्या झडपेवर गुठळी धरली की झडप अडकते. अशा झडपेचा टिकटिक आवाज अनेकांना स्वतःला ऐकू येतो. तो मंद झाला, आणि दम लागू लागला, तर त्याच क्षणी दवाखाना गाठायचा. गोळी टाळल्याने दारू सुरक्षित होत नाही. एका धोक्याशेजारी दुसरा उभा राहतो, इतकंच.

हे म्हाताऱ्यांचंच दुखणं आहे असं समजू नका. लहानपणी घसा धरतो, ताप येतो, त्यातून संधिवाताचा ज्वर होतो आणि झडपा खराब होतात. हा आजार आपल्याकडे अजून आहे. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून झडपा बदलण्याच्या शस्त्रक्रिया होतात, त्यामुळे खेड्यापाड्यांतल्या तिशी-चाळिशीच्या माणसांनाही ही गोळी जन्मभर घ्यावी लागते. हेच लोक मंडळात, तालमीत, यात्रेत पुढे असतात.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. पिऊन माणूस पडतो. पायरीवरून, मोटारसायकलवरून, न्हाणीघरात. इतरांना टेंगूळ येऊन भागतं. ही गोळी घेणाऱ्याच्या कवटीच्या आत रक्त साचत जाऊ शकतं, आणि ते हळूहळू साचतं. वयामुळे आणि वर्षानुवर्षांच्या दारूमुळे मेंदू थोडा आकसलेला असेल तर त्याच्या आणि कवटीच्या मधल्या शिरा ताणलेल्या असतात, त्या सहज तुटतात. माणूस बरळतो, झोपाळतो, ओकतो, चालताना झोकांड्या देतो. ही सगळी लक्षणं दारू चढल्याचीही आहेत. म्हणून घरचे, मित्र म्हणतात, ‘उतरली की उठंल सकाळी.’ आणि सकाळी तो उठत नाही.

माझं कळकळीचं सांगणं आहे : रक्त पातळ करायची गोळी घेणारा माणूस पिऊन डोक्यावर पडला असेल, तर त्याला झोपवू नका. शुद्धीत असला, बोलत असला, तरी त्याच रात्री सिटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात न्या. १०८ ला फोन करा. चंदगडहून कोल्हापूर शंभराहून जास्त किलोमीटर आहे, गगनबावड्याचा रस्ता पावसात कसा असतो हे तुम्हाला ठाऊक आहे. उजाडायची वाट पाहायला वेळ नसतो. दाखल करतानाच गोळीचं नाव सांगा. व्हिटॅमिन केचं इंजेक्शन, रक्तातले गोठवणारे घटक देऊन औषधाचा परिणाम उलटवता येतो, पण ते डॉक्टरांना कळलं तर. आणि डोक्याचा मार किरकोळ वाटला, तरी पुढच्या काही आठवड्यांत डोकेदुखी वाढत गेली, वागण्यात फरक पडला, हातापायात अशक्तपणा आला, तर ती पडझड आठवून पुन्हा डॉक्टरांकडे जा.

इतर खुणा बहुधा तुम्हाला ओळखीच्या असतील : दात घासताना हिरड्यांतून रक्त, घोळणा फुटून न थांबणं, मार न लागता अंगावर काळेनिळे डाग, लघवी लालसर होणं, बायकांना पाळीत नेहमीपेक्षा फार जास्त जाणं. यातली फसवी खूण म्हणजे डांबरासारखी काळी, चिकट शी. दारूने जठराचं अस्तर सोलवटतं, त्यातून रक्त झिरपतं, आणि गोळीमुळे ते थांबत नाही. रक्त पोटातून खाली येईपर्यंत काळं पडतं, म्हणून ते रक्त आहे हेच ध्यानात येत नाही. लोहाच्या गोळ्यांनीही शी काळी होते, हे खरं. पण ठरवायचं डॉक्टरांनी.

पार्टीच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ तर आणखी धोक्याची. डोकं ठणकतं म्हणून आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक घेतलं जातं. दोन्हींनी जठराला इजा होते आणि प्लेटलेट्सचं काम अडतं. पोट बिघडलं म्हणून मेट्रोनिडॅझोल घेतलं जातं. त्याने वॉरफरिनचा परिणाम चांगलाच वाढतो. अंग दुखतंय म्हणून कमरेत सुई घेतली जाते. या रुग्णांत स्नायूत रक्त साचून मोठी गाठ होऊ शकते. तिन्ही गोष्टी आपल्या गावात कुठेही सहज मिळतात. दुकानदाराला, कंपाउंडरला आधी सांगायचं, ‘मी पातळ करायची गोळी घेतो.’

आणि मग श्रावण. हिरव्या पालेभाज्यांत व्हिटॅमिन के भरपूर असतं, शेवग्याच्या पाल्यात आणि पालकात तर फारच. महिनाभर क्वचित पाला खाणारा माणूस रोज दोन वेळा खाऊ लागला, तर गोळीचा परिणाम घटतो. म्हणून भाजी सोडायची नाही, ती चांगलीच आहे. बारा महिने साधारण सारख्या प्रमाणात खायची आणि मोठा बदल होणार असेल तर आयएनआर तपासून घ्यायचा. जो रोज पितो आणि श्रावणाच्या पहिल्या दिवशी एकदम बंद करतो, त्याची गोष्ट वेगळी. सोडण्याचा निश्चय मोलाचा आहे, पण जुन्या पिणाऱ्याने एकदम सोडली की पहिल्या दोन दिवसांत हात थरथरतात, झटके येऊ शकतात, आणि ही गोळी घेणाऱ्याने झटक्यात डोकं आपटलं तर काय होईल ते वर सांगितलंच. अशांनी डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडावी. त्यासाठी औषधं आहेत.

दाबिगाट्रान, रिव्हारोक्साबान, एपिक्साबान ही नवी औषधं घेणाऱ्यांना आयएनआरची कटकट नसते. पण जठरातून रक्त जाणं, पडून डोक्यात रक्त साचणं, हे धोके त्यांनाही आहेत. धातूच्या झडपेला ही औषधं चालत नाहीत. दाबिगाट्रानचा तसा प्रयोग गुठळ्या आणि रक्तस्राव दोन्ही वाढल्यामुळे थांबवावा लागला होता. स्टेंट बसवल्यावर अ‍ॅस्पिरिन-क्लोपिडोग्रेल घेणाऱ्यांची औषधं वेगळ्या जातीची आहेत, ती प्लेटलेट्सवर काम करतात. पोटातला रक्तस्राव मात्र दारूबरोबर त्यांनाही होतो.

‘थोडी घेतली तर रक्त मोकळं राहतं’ ही समजूत फार खोलवर गेलेली आहे. १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली महाराष्ट्रात मिळणाऱ्या परवान्यावर आरोग्य राखण्यासाठी मद्य असा उल्लेख असतो, तेवढ्याने दारू औषध ठरत नाही. ऑस्ट्रेलियात ठोक्यांच्या अनियमिततेचे १४० रुग्ण घेऊन अभ्यास झाला, तो २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांना दारू सोडायला सांगितली, निम्म्यांनी नेहमीसारखी चालू ठेवली. सहा महिन्यांत पिणाऱ्यांपैकी ७३ टक्क्यांचा विकार पुन्हा उद्भवला, सोडणाऱ्यांपैकी ५३ टक्क्यांचा. म्हणजे ज्या आजारासाठी गोळी घ्यायची, तोच दारूने बळावतो.

माझं मत स्पष्ट आहे : ही गोळी चालू असताना दारू घेऊच नये. ज्यांच्याकडून ते होत नाही, त्यांनी निदान आपल्या डॉक्टरांना खरं माप सांगावं, पेगच्या किंवा मिलीच्या हिशेबात, आठवड्यातून किती वेळा तेही. बायको-मुलं समोर असताना सांगता येत नसेल तर दोन मिनिटं एकट्याने बोलायला मागावीत. डॉक्टर डोस ठरवतात तो तुम्ही सांगितलेल्या माणसासाठी, आणि गोळी काम करते खऱ्या माणसावर.

पुढच्या भागात दात काढण्यापूर्वी ही गोळी थांबवायची की नाही, ते पाहू. तोवर एक काम करा : गोळीचं नाव, डोस, झडप आहे का, शेवटचा आयएनआर आणि घरच्यांचा फोन एका चिठ्ठीवर लिहून पाकिटात ठेवा, आणि या आषाढात मंडळात तुमच्या शेजारी बसणाऱ्या एकाला तरी ती चिठ्ठी कुठे आहे ते सांगून ठेवा.