डोंगरावर एक रात्र, माळ्यावर वर्षभर

शुक्रवारी रात्री कसारा लोकलमध्ये घाटकोपरला, मुलुंडला पाठीवर सॅक घेतलेली मंडळी चढतात. ८ जून २०१४ रोजी वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो सुरू झाली आणि अंधेरीकरांचीही या गाडीशी सोयीची गाठ पडली. बोरिवलीकरांच्या दाराशी सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं जंगल आहे खरं, पण ते राष्ट्रीय उद्यान आणि बिबट्यांचं घर. तिथे मनाला येईल तिथे तंबू ठोकता येत नाही. तेव्हा उपनगरातला तंबू कळसूबाई, भंडारदरा किंवा हरिश्चंद्रगडाकडे निघतो तो आधी लोकलच्या गर्दीतून.

१९५४ साली ‘गिरिविहार’ ही गिर्यारोहण संस्था स्थापन झाली, त्या काळातल्या भटक्यांना तंबूची फारशी गरजच नव्हती. रतनगडाची गुहा, हरिश्चंद्रगडावरची लेणी, गावातलं देऊळ नाहीतर कुणाची ओसरी, यावर भागायचं. गर्दी वाढली, गुहा अपुऱ्या पडल्या आणि तंबू घराघरांत आला. पण तो निवडायचे निकष आले थंड देशांतून. ‘फोर सीझन’ या चिठ्ठीला भुलून अनेकजण बर्फासाठी बनवलेला जड, बंदिस्त तंबू घेतात. सह्याद्रीत त्यात रात्रभर उकडतं. आपल्याकडे तंबूची परीक्षा घेतात ते कातळ, दव आणि मुंबईची दमट हवा.

सह्याद्रीचा बेसॉल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. माथ्यावर माती वीतभरही नसते, खुंटी दोन बोटं आत जाते आणि वाकते. म्हणून खुंट्यांच्या ताणावरच उभा राहणारा बोगद्याच्या आकाराचा तंबू इथे गैरसोयीचा. दोन काठ्या एकमेकींना छेदून स्वतःच्या बळावर उभा राहणारा घुमटाकार तंबू बरा. त्याचे दोर दगडांना बांधता येतात. कोकणकड्यासारख्या ठिकाणी वारा दरीतून वर उसळतो. तिथे काठ्या ॲल्युमिनियमच्या असाव्यात. फायबरग्लासच्या स्वस्त पडतात, पण जड असतात आणि चिरफळतात. कड्यापासून लांब राहावं हे तर झालंच. परतीच्या पावसात वीज कडाडते तेव्हा कुठलाच तंबू आसरा ठरत नाही; पक्क्या घरातच शिरावं.

दिवाळीनंतर आकाश निरभ्र होतं, रात्री गार पडतात आणि ‘तंबू गळतो’ अशी तक्रार सुरू होते. बहुतेकदा ती गळती नसतेच. दोन माणसांच्या श्वासातून आणि त्वचेतून रात्रभरात अर्धा लिटरभर पाणी वाफ होऊन बाहेर पडतं. ही वाफ थंड कापडावर साचते आणि पहाटे टपकते. उपाय एकच, हवा खेळती ठेवणं. आतला थर जाळीचा, बाहेरचं आवरण त्यापासून सुटं, आणि वरचे झरोके उघडे. धरणाच्या अगदी काठाला किंवा खोलगट जागी तंबू लावला की दव आणखी वाढतं. थोडं उंचावर लावावा.

पाणी अडवण्याची क्षमता मिलिमीटरमध्ये लिहिलेली असते. तिचा पावसाच्या मोजमापाशी संबंध नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिमी पाऊस पडला, म्हणून १,५०० मिमीचा तंबू त्यात टिकला असता असं नव्हे. कापडावर किती उंचीचा पाण्याचा स्तंभ उभा केल्यावर थेंब पाझरू लागतो, ते हा आकडा सांगतो. छताला १,५०० ते २,००० पुरतात. तळाला जास्त हवेत, कारण गुडघा टेकला की दाब एकदम वाढतो. शिवणींवर पट्टी चिकटवलेली नसेल, तर मोठा आकडाही कामाचा नाही.

‘दोघांचा’ तंबू म्हणजे दोन चटया खेटून मावतील एवढीच रुंदी. सॅकही आत घ्यायच्या तर तिघांचा घ्यावा. वजन काठ्या, कापड असं वाटून नेता येतं. २००५ मध्ये ‘क्वेचुआ’ने फेकताच उघडणारा तंबू आणला. गाडीने पवना काठी जाणाऱ्याला तो झकास, पण त्याची पाऊण मीटर व्यासाची चकती घेऊन कसारा लोकलमध्ये शिरणं कठीण.

आता घरची गोष्ट. तंबू वर्षातल्या चार-पाच रात्री डोंगरावर असतो, उरलेला काळ माळ्यावर. कापडावरचा पॉलियुरेथेनचा थर ऊब आणि ओल मिळाली की विघटन पावतो. चिकट होतो, वास मारतो, शेवटी सोलपटतो. मुंबईचा पावसाळा त्याला हे दोन्ही महिनोन्महिने पुरवतो. परतल्याच्या दिवशीच तंबू गॅलरीतल्या दांडीवर किंवा पंख्याखाली पूर्ण वाळवावा. मूळच्या आवळ पिशवीत कोंबू नये. सुती पिशवीत सैल ठेवावा आणि पावसाळ्यात मधूनमधून उलगडावा. सिलिकॉनचा थर असलेलं कापड या रोगाला बळी पडत नाही, मात्र महाग असतं.

म्हणून दुकानात किमतीच्या आधी चार प्रश्न विचारावेत. खुंट्यांशिवाय उभा राहतो का? झरोके पाऊस असतानाही उघडे ठेवता येतात का? गुंडाळल्यावर सॅकमध्ये मावतो का? आणि आपल्या घरात पसरून वाळवायला जागा आहे का? चौथ्याचं उत्तर ‘नाही’ असेल, तर विकत घेऊच नये. पाचनईसारख्या पायथ्याच्या गावांत तंबू भाड्याने मिळतात. कळसूबाई-हरिश्चंद्रगड हे १९८६ पासून अभयारण्य आहे. मुक्कामाचे नियम वनखात्याकडे विचारून घ्यावेत. तंबू असा भाड्याने घेतला की पैसे गावात राहतात, आणि माळ्यावर दिवाळीच्या कंदिलाला जागा उरते.