वादळानंतरचे मन

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. त्याच्या तडाख्यात आपल्या केळशीसह दापोली तालुक्यात कौले, पत्रे उडाले, नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. नवा माड फळायला पाच-सात वर्षे लागतात, हे आपण जाणतो. मनाला मात्र लगेच सावरायला सांगतो. वारा सुटला की छातीत धडधडणे, झोप उडणे, चिडचिड होणे हा भित्रेपणा नव्हे. धोका टळला तरी शरीर सावधच राहते, एवढाच त्याचा अर्थ. त्यावरचे साधे उपाय आम्ही येथे देत आहोत.

१) स्वस्थ बसून चार अंक मोजत श्वास घ्यावा, सहा अंक मोजत सावकाश सोडावा. लांब उच्छ्वासाने हृदयाची गती मंदावते. पाच मिनिटे पुरेत. आनापानसतीची सवय असणाऱ्यांनी श्वास न बदलता नुसता पाहावा.

२) मुठी व खांदे काही क्षण घट्ट आवळून मग सैल सोडावेत.

३) भीती दाटून आल्यास पाय जमिनीवर टेकवून समोरच्या पाच वस्तूंची नावे घ्यावीत.

४) मुलांना बोलू द्यावे, चित्रे काढू द्यावीत, पण झालेला प्रसंग सांगण्याची सक्ती कोणावरही करू नये.

दारूने डोळा लागतो, पण झोप मोडते. तो उपाय नव्हे. महिना उलटूनही त्रास कमी न झाल्यास डॉक्टरांकडे जावे. जीव नकोसा वाटू लागल्यास तर एक दिवसही थांबू नये. शासनाच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास विनामूल्य आहे.

घर शाकारताना शेजाऱ्याचा हात घ्यायला आपण लाजत नाही. मन सावरतानाही लाजू नये.