‘हेल्प’ लिहिण्याचे काम : वागळे इस्टेटमधील एक वेगळी वाट

१ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या कार्याचा प्रारंभ ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये झाला. आपल्यापैकी कित्येकांनी तेथे लेथवर आणि प्रेसवर उमेदीची वर्षे घालविली. आता तेथील बऱ्याच शेडच्या जागी काचेच्या इमारती उभ्या राहिल्या असून त्यांत सॉफ्टवेअर कंपन्या बसल्या आहेत. आपली बी.ए., बी.कॉम. झालेली मुले ‘आम्ही इंजिनिअर नाही’ म्हणून तिकडे फिरकत नाहीत. परंतु सॉफ्टवेअर बनविणाऱ्याबरोबर ते समजावून सांगणाराही लागतो. त्यास टेक्निकल रायटर म्हणतात. इंग्रजी साधे व बिनचूक असेल, तर हे काम शिकता येते.

दुकानात बिल करताना अडले की आपण एफ-वन दाबतो आणि माहितीचे पान उघडते, तीच ऑनलाइन हेल्प. १९९० साली विंडोज ३.० आले, तेव्हा वर्डच्या फाइलीत विशिष्ट खुणांच्या तळटिपा घालून ती तयार करीत. आज बहुतेक हेल्प ब्राउझरमध्ये उघडते आणि रोबोहेल्प, फ्लेअर अशी साधने त्यासाठी आहेत. साधन महिन्या-दोन महिन्यांत हाताशी येते. खरी अडचण लिहिण्यात आहे.

नवशिका पडद्यावरचे एकेक बटण घेऊन त्याचे वर्णन करीत सुटतो. अडलेल्या माणसास बटणाशी काय देणेघेणे? भिवंडीच्या गोदामातून माल निघाला आणि ई-वे बिलात चूक दिसली, असे समजा. गाडीचा नंबर चुकला असेल तर तो बदलता येतो. पण मालाचा तपशील चुकला असेल तर त्या बिलात दुरुस्ती होत नाही. चोवीस तासांच्या आत ते रद्द करून नवे काढावे लागते, आणि वाटेत अधिकाऱ्याने तपासले असल्यास रद्दही होत नाही. ही चोवीस तासांची अट पानाच्या तळाशी लिहिली, तर व्यापारी तेथे पोचेपर्यंत मुदत टळायची! म्हणून इशारा आधी, कृती नंतर. एका पायरीत एकच कृती. पानाचे शीर्षकही ‘तपशील अद्ययावतीकरण’ असे नको. माणूस ‘गाडी नंबर चुकला’ हेच शब्द शोधतो.

आणखी एक गोष्ट. पडद्यागणिक हेल्पच्या पानाची एक ओळखखूण ठरलेली असते. प्रोग्रॅमरने ती बदलली आणि लेखकास कळविले नाही, तर बिलाच्या पडद्यावर पगाराचे पान उघडते. त्यामुळे दर नव्या आवृत्तीस प्रत्येक पडदा स्वतः उघडून पाहणे हा या नोकरीचा कंटाळवाणा पण मोठा भाग आहे. आता मजकुराचा पहिला खर्डा यंत्रही लिहून देते, परंतु आत्मविश्वासाने चुकीची पायरीही तेच सांगते. नुसता मजकूर लिहून देणाऱ्याची मागणी त्यामुळे घटेल, हे मुलांपासून लपवू नये. काम टिकेल ते पायरी करून पाहणाऱ्याचे.

क्लासची भारी फी भरण्याची घाई करू नका. कंपनी प्रमाणपत्राआधी नमुना मागते. लिबर ऑफिस हे फुकट मिळणारे सॉफ्टवेअर असून त्याची हेल्प आणि पुस्तके स्वयंसेवक मिळून लिहितात. तेथे हात घातला तर नमुना तयार होतो. किंवा घरच्या दुकानातील बिलिंगच्या सॉफ्टवेअरवर दहा पाने लिहावीत. मग ज्याने ते कधी वापरले नाही अशा एखाद्या चुलत भावास ती देऊन संगणकापुढे बसवावे, आपण मागे गप्प उभे राहावे, आणि त्याचा हात जेथे थांबेल ती पायरी पुन्हा लिहावी.