सहासष्ट घटींची अमावास्या

नाशिकच्या एका वाचकाने विचारलं आहे: २०२४ च्या दिवाळीत उत्तरेत बऱ्याच ठिकाणी ३१ ऑक्टोबरला लक्ष्मीपूजन झालं, आपल्याकडे १ नोव्हेंबरला. अमावास्या एकच, मग दिवस दोन कसे?

ती अमावास्या होतीच तशी! ३१ तारखेला दुपारी ३.५२ ला लागली आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ६.१६ ला संपली. चंद्र सूर्यापासून बारा अंश पुढे सरकला की एक तिथी पुरी होते. तेव्हा चंद्र नुकताच पृथ्वीपासून सर्वांत दूरच्या बिंदूवरून गेला होता आणि मंद चालला होता. त्यामुळे दोन्ही संध्याकाळी अमावास्या सापडली. १ तारखेला नाशिकला सूर्य सहाच्या सुमारास मावळला. पुढे अमावास्या उरली जेमतेम सोळा मिनिटं, एक घटी म्हणजे चोवीस मिनिटंही नाही. नागपुरात ती अडतीस मिनिटं होती. तिथी सगळीकडे एकाच क्षणी संपते, सूर्यास्त मात्र ज्या त्या गावाचा. यातली कोणती संध्याकाळ पूजेची, हे धर्मशास्त्राने ठरवायचं. गणिताचा तिथं संबंध नाही.

पण या अमावास्येच्या घटी करून पाहा: २६ तास २४ मिनिटं म्हणजे बरोबर ६६. जुन्या पंचांगकर्त्यांचा दंडक होता ‘बाणवृद्धी रसक्षय’: तिथी साठ घटींपेक्षा फार तर पाच घटी वाढेल, सहा घटी घटेल. ६६ घटींची तिथी त्यात बसत नाही, कारण हा दंडक जुन्या गणितातून आला होता आणि त्यात चंद्राची गती पुरती उतरली नव्हती. जुन्या ज्योतिषांनी चंद्राचं गणित मुख्यतः ग्रहणांशी ताडून पाहिलं, आणि ग्रहणं होतात ती पौर्णिमा-अमावास्येलाच. त्या दिवशी चंद्राचं स्थान जवळजवळ बरोबर येतं. सूर्याच्या ओढीने चंद्राच्या गतीत पडणारे फरक उघडे पडतात ते अष्टमीच्या आसपास, आणि तिथं तिथीची वेळ काही तासांनी चुकते.

आज नव्या गणिताने काढलेली पंचांगातली मिनिटं दाखवून ‘बघा, आपल्या ऋषींचं गणित!’ असं सांगितलं जातं, तेव्हा मला केरो लक्ष्मण छत्र्यांवर अन्याय झाल्यासारखं वाटतं. पंचांग आकाशाशी जुळलं पाहिजे, या आग्रहाने त्यांनी १८६० मध्ये युरोपीय गणिताच्या आधारे ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ मराठीत आणली. त्यावरून निघालेल्या पटवर्धनी पंचांगाला फार थोड्यांनी जवळ केलं. वास्तविक १५२० मध्ये ‘ग्रहलाघव’ रचणाऱ्या गणेश दैवज्ञांनीही आधीचे ग्रंथ आकाशाशी ताडूनच सुधारले होते. छत्रे परंपरा मोडत नव्हते, तिचंच काम पुढे नेत होते. त्यांचे विद्यार्थी लोकमान्य टिळक यांनी पुढे पंचांगशोधनाचा प्रश्न हाती घेतला, आणि व्यंकटेश बापूजी केतकरांनी नवं गणित संस्कृत श्लोकांत बांधलं, म्हणजे गावातल्या जोशीबुवांनाही ते पाठ करून वापरता यावं.